जगाची दुःखे आणि माणसाचे उपाय
(ज्युबिली समारंभात केलेले भाषण)



ज्युबिली म्हटली म्हणजे पताका, वाद्ये व मिष्टान्न ही आमच्या मनात प्रथम उभी राहतात. परंतु प्राचीन इस्राएल लोकांत ज्युबिली हा केवळ उत्सव नव्हता. ती एक योजना होती. दर पन्नासाव्या वर्षी दास मुक्त व्हावे, विकलेली वतने मूळ कुळास परत मिळावी आणि भूमीस विश्रांती असावी, अशी आज्ञा लेवीय ग्रंथात आहे. दारिद्र्य पिढ्यान्पिढ्या साचू नये, म्हणून केलेला तो उपाय होय. तेव्हा आजच्या मंगल दिनी, जगावरील मोठ्या संकटांशी मनुष्यजातीने कोणकोणत्या उपायांनी झुंज दिली, याची छोटीशी गणना करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

पहिला उपाय सक्तीचा. 1896 साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले, आणि पुढल्या वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या. हेतू रोग हटविण्याचा होता. पण लोकांच्या देवघरांचा व स्त्रियांच्या मर्यादेचा मान राहिला नाही. लोक रोगी लपवू लागले, आणि 22 जून 1897 रोजी प्लेगचे अधिकारी रँडसाहेब यांजवर गोळी झाडण्यात आली. त्याच पुण्यात त्याच वर्षी सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता प्लेगनेच निवर्तल्या. रोग्याजवळ जाण्याचे हे दोन मार्ग होत. त्यांतील कोणता मार्ग लोकांच्या अंतःकरणापर्यंत पोहोचला, हे सांगणे नलगे.

दुसरा उपाय विद्येचा व शोधाचा. देवीच्या रोगावरील लस जेन्नर यांनी 1796 साली शोधली, आणि 1802 साली ती मुंबईस आली. तथापि रोग पृथ्वीवरून नाहीसा होण्यास आणखी पावणेदोनशे वर्षे लागली. विसाव्या शतकात या रोगाने सुमारे 30 कोटी माणसे नेली असा अंदाज आहे. मग उणीव कशाची होती? लस होती, पण ती नेमकी कोठे टोचावी हे ठाऊक नव्हते. 1966 च्या डिसेंबरात पूर्व नायजेरियात फेगी नावाच्या एका मिशनरी डॉक्टरांपुढे रोग उभा राहिला. जवळ लस थोडी. त्यांनी ठिकठिकाणच्या मिशनऱ्यांस बिनतारी यंत्रावरून विचारले, “तुमच्या गावी देवी कोठे आहेत?” जेथे रोगी सापडला, तेथेच भोवतालच्या माणसांस देवी टोचल्या, आणि साथ थांबली. सर्वांस टोचण्याऐवजी रोग्यास शोधून त्याच्याभोवती कुंपण घालणे, ही युक्ती पुढे हिंदुस्थानातही चालविली गेली. हजारो सेवक रोग्याचे चित्र हाती घेऊन खेडोपाडी दारोदार विचारीत फिरले. 1975 साली आपला देश मुक्त झाला. 1977 साली सोमालियात शेवटचा नैसर्गिक रोगी आढळला. आणि 8 मे 1980 रोजी जग देवीमुक्त झाल्याचे घोषित झाले. त्या काळी अमेरिका व सोव्हिएट रशिया एकमेकांचे हाडवैरी होते. तरी या एका कामात दोघांनीही खांदा दिला.

तिसरा उपाय कराराचा. शीतपेट्यांत वापरल्या जाणाऱ्या वायूंनी पृथ्वीवरील ओझोनचे छत्र झिजते, असा इशारा दोघा शास्त्रज्ञांनी 1974 साली दिला. 1985 साली दक्षिण ध्रुवावर ते छत्र विरल्याचे उघड झाले, आणि 1987 साली माँट्रियल येथे करार झाला. आज जगातील सर्व राष्ट्रे त्यास बांधील आहेत. त्याच्या यशाचे एक मर्म असे की, 1990 साली धनवान राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांसाठी निधी उभारण्याचे मान्य केले. नुसता उपदेश केला नाही. खर्चाचा भारही उचलला. हवामानासंबंधी 2015 साली पॅरिस येथे झालेल्या करारात मात्र प्रत्येक राष्ट्राने आपले वचन आपणच ठरवावयाचे आहे, आणि ते मोडल्यास दंड नाही. म्हणून ते काम अद्याप अर्ध्या वाटेवर आहे.

चौथा उपाय क्षमेचा. आणि तो आमच्या ज्युबिलीचाच. पोप महाराज दुसरे जॉन पॉल यांनी 2000 सालच्या महाज्युबिलीनिमित्त गरीब राष्ट्रांचे ऋण हलके करावे, असे 1994 सालीच सुचविले. 16 मे 1998 रोजी बर्मिंगहॅम येथे हजारो लोकांनी हातात हात गुंफून साखळी केली. पुढे तीसांहून अधिक राष्ट्रांचे पुष्कळ ऋण माफ झाले. लेवीय ग्रंथातील आज्ञा अशा रीतीने सावकारांच्या दरबारी पोहोचली.

बंधुभगिनींनो, या गणनेवरून आम्हांस एकच गोष्ट दिसते. सक्तीला दार बंद होते. शोधाला दारोदार जाणारा लागतो. कराराला खर्च सोसणारा लागतो. आणि क्षमेला आपला हक्क सोडणारा लागतो. ही माणसे राजधान्यांत घडत नाहीत. ती धर्मग्रामांत, कुटुंबांत घडतात. शेजारच्या दारी कोण आजारी आहे हे ज्यास ठाऊक नाही, तो जगाच्या दुःखाविषयी कितीही बोलला तरी काय उपयोग?

म्हणून या ज्युबिली वर्षात आम्ही दोन संकल्प करू या. आपल्या आळीतील एकही आजारी अथवा एकाकी मनुष्य असा राहू नये, की ज्याच्या दाराशी कोणी गेले नाही. आणि ज्यांचे कोणाकडे येणे आहे, त्यांनी फेडण्यास असमर्थ अशा एका तरी ऋणकऱ्यास मुक्त करावे. हे दोन संकल्प सिद्धीस गेले, तर पताका उतरल्यावरही आपली ज्युबिली सरणार नाही. प्रभु येशू ख्रिस्त आम्हां सर्वांस त्यासाठी बळ देवो. आमेन.