अजिंठ्याच्या भिंतीवर रान आणि घर



अजिंठ्याचं १७ क्रमांकाचं लेणं पाचव्या शतकातलं. तिथं छद्दंत जातकाच्या चित्रात रान आहे, हत्तींचा कळप आहे. त्याच लेण्यात हातात आरसा धरून नटणारी राजघरची बाई अन् तिच्या दासी आहेत. हत्तीला जी गेरू-पिवळी माती, तीच माणसाच्या संसाराला. चित्रकारांनी घरातली वस्तू हलकी मानली नाही.

ते घर राजाचं होतं, हे खरं. मग आपलं घर कोण काढणार? आपली पोरं डोंगर काढतात, सूर्य काढतात. आईचा हंडा, बापाचा जेवणाचा डबा मात्र वगळतात. चाळीची लाज वाटते काय? आम्ही गिरणीत राबलो, त्याच डब्यावर जगलो. डोंगराशेजारी तो डबाही कागदावर येऊ द्या.

नमो बुद्धाय!