साधं की प्रीमियम? पंपावर रोज विचारला जाणारा प्रश्न

बाइकवर असाल तर आधी इअरफोन काढा आणि हा भाग घरी पोचल्यावर ऐका. तो कुठे पळून जात नाहीये.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमुळे सुचला. हा मित्र पिंपरीत बाइकवरून जेवणाच्या ऑर्डरी पोचवतो. शंभर सीसीची साधी बाइक आहे, सात वर्षं जुनी. तो म्हणतो, "दादा, मी रोज प्रीमियम पेट्रोल टाकतो. स्वतःच्या चहा-नाश्त्यात काटकसर करतो, पण गाडीवर पोट आहे ना, म्हणून तिला चांगलंच खायला घालतो. बरोबर करतोय ना?"

मित्रा, तुझी भावना शंभर टक्के बरोबर आहे. पण पैसे चुकीच्या ठिकाणी जातायत. का, ते आज नीट समजून घेऊ.

आपल्याकडे पंपावर साधारण काय मिळतं? एक साधं पेट्रोल. त्याच्या वर एक्सपी ९५ किंवा पॉवर ९५ सारखं प्रीमियम. आणि काही मोठ्या शहरांत इंडियन ऑइलचं एक्सपी १००, जे डिसेंबर २०२० मध्ये आलं. तेव्हा दिल्लीत त्याचा भाव लिटरला १६० रुपये होता! आता हे ९५ आणि १०० म्हणजे नक्की काय? बऱ्याच जणांना वाटतं, परीक्षेतले मार्क. जास्त मार्क म्हणजे जास्त हुशार पेट्रोल, जास्त ताकद, जास्त मायलेज. तर तसं अजिबात नाही.

हा आकडा म्हणजे ऑक्टेन नंबर. पेट्रोल दाब किती सहन करतं, याचं ते माप आहे. इंजिनात काय होतं बघा. हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत येतं, पिस्टन ते दाबतो, मग प्लग ठिणगी टाकतो आणि आग शिस्तीत पसरत जाते. पण दाब आणि उष्णता फार वाढली, तर आग पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. म्हणजे वातीची आग पोचायच्या आत फटाका फुटावा, तसं. यालाच नॉकिंग म्हणतात. ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल या आपोआप भडकण्याला जास्त विरोध करतं. बस, एवढंच. त्यात जास्तीची ताकद भरलेली नसते.

हा आवाज तुम्ही ऐकलाही असेल. खंबाटकी घाटात डबलसीट, वरच्या गियरवर गाडी ओढताय आणि इंजिनातून बारीक किटकिट येते, डब्यात खडे हलवल्यासारखी. असं झालं की पहिल्यांदा गियर खाली टाका. नेहमीच्या सपाट रस्त्यावरही येत असेल, तर गॅरेजला दाखवा. इंजिनात कार्बन साचलेला असू शकतो, टायमिंग बिघडलेलं असू शकतं. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर पिस्टनपर्यंत नुकसान जातं.

मग ९५ कोणाला लागतं? ज्या इंजिनात मिश्रण जास्त दाबलं जातं, त्यांना. जास्त कॉम्प्रेशनच्या स्पोर्ट्स बाइक, काही टर्बो पेट्रोल गाड्या, महागड्या परदेशी गाड्या. अशा गाडीत कमी ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तर काय होतं? आजकालच्या बऱ्याच कारमध्ये नॉक सेन्सर असतो. त्याला नॉकिंग जाणवलं की कॉम्प्युटर ठिणगीची वेळ थोडी पुढे ढकलतो. इंजिन वाचतं, पण ताकद आणि मायलेज जरा कमी होतं. म्हणून तिथे ९५ चे पैसे वसूल होतात.

पण ज्या गाडीला कंपनीनेच ९१ सांगितलंय, तिला ९५ दिलं तर? नुकसान काहीच नाही. आणि फायदाही जवळजवळ काहीच नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या रोजच्या बाइक, घरोघरी दिसणाऱ्या साध्या हॅचबॅक, यातल्या बहुतेक या रांगेतल्या.

आता आपल्या मित्राचा हिशेब मांडू. समजा तो दिवसाला १२० किलोमीटर फिरतो आणि गाडी लिटरला ४५ देते. म्हणजे रोज साधारण पावणेतीन लिटर. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७० लिटर. प्रीमियम लिटरला ८ रुपये महाग धरा. महिन्याला ५६० रुपये, वर्षाला ६,७२० रुपये! एवढ्यात वेळच्या वेळी ऑइल बदलून होतं, एअर फिल्टर, प्लग, चेन, ब्रेक शू होतात आणि चांगलं हेल्मेटही येतं. गाडीवर पोट असेल तर तिची खरी खुराक ही आहे.

कोणी म्हणेल, प्रीमियममध्ये इंजिन साफ करणारी केमिकल्स असतात, त्याचं काय? असतात, खोटं नाही. पण ती आतला कचरा कमी करायला मदत करतात, सर्व्हिसिंगची जागा घेत नाहीत. सहा महिने ऑइल न बदलता रोज प्रीमियम टाकणं म्हणजे आंघोळ न करता अत्तर लावणं.

अजून एक गोंधळ. आपण सगळेच अमेरिकेचे गाड्यांचे व्हिडिओ बघतो. तिथल्या पंपावर साध्या पेट्रोलला ८७ लिहिलेलं असतं आणि ९१ किंवा ९३ ला प्रीमियम म्हणतात. मग वाटतं, अरे वा, आपलं साधं ९१ म्हणजे तिकडचं प्रीमियम! नाही हो. मोजायची पद्धत वेगळी आहे. आपण रॉन हा आकडा वापरतो, ते दोन चाचण्यांची सरासरी काढतात. तिकडचं ८७ म्हणजे ढोबळमानाने आपलं ९१. म्हणून व्हिडिओतला आकडा बघून इथे पेट्रोल ठरवू नका.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, इथेनॉल. आज पंपावर मिळणारं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. आपल्या कोल्हापूर-सोलापूरकडच्या उसापासूनही ते बनतं. गंमत अशी, की इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन भरपूर असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने जे निवेदन दिलं, त्यात इथेनॉल मिसळल्यामुळे पेट्रोलचा ऑक्टेन ९१ वरून ९५ पर्यंत जातो असं म्हटलंय. म्हणजे निव्वळ ऑक्टेनसाठी साध्या गाडीत जादा पैसे मोजायचं कारण आणखीच कमी झालं.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, की ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या कारचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्के आणि तशाच दुचाकीचं ३ ते ४ टक्के कमी होऊ शकतं. ४५ देणारी बाइक ४३-४४ देऊ लागली, तर घाबरू नका. आणि "प्रीमियम टाकलं की इथेनॉल टळतं" या समजुतीत राहू नका, ९५ वाल्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असतं.

जुनी गाडी असेल तर काय करायचं? एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग ई-२० ला चालतील असे बनवलेत. त्याआधीच्या गाड्यांमध्ये पेट्रोलचे रबरी पाइप, सील आणि गास्केट यांच्याकडे लक्ष ठेवा. सरकारी निवेदनातही म्हटलंय, की काही जुन्या गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर असे काही भाग बदलावे लागू शकतात. पाइप कडक झालाय, चिरा पडल्यात, पेट्रोलचा वास येतोय, तर लगेच बदला. स्वस्तातलं काम आहे, पण टाळलं तर आग लागायची भीती. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. म्हणून पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका आणि टाकीचं झाकण घट्ट बसतंय ना, ते बघा.

तर आता करायचं काय? तीन गोष्टी. पहिली, टाकीच्या झाकणाच्या आत किंवा ओनर्स मॅन्युअलमध्ये आकडा शोधा. सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि पुस्तक मिळालं नसेल, तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळते. ९१ लिहिलंय? साधं टाका, निवांत झोपा. ९५ "शिफारस" आहे? जमेल तेव्हा ९५ टाका. ९५ "किमान" लिहिलंय? मग तिथे काटकसर नको.

दुसरी, पंपावर "प्रीमियम टाकू का?" असं विचारलं तर लाजू नका. स्पष्ट सांगा, "साधं टाका, दादा." विचारायच्या आधीच नोझल लावला तर थांबवा. मशीनवरचा शून्य बघायची सवय असतेच, आता भावही बघत जा.

तिसरी, पेट्रोलबद्दल शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागा. तो फुकट मिळायला हवा. एक थेंब टाका, उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यायला जागा आहे. माप कमी वाटत असेल तर पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवा म्हणा. तो आपला हक्क आहे. भेसळ आणि कमी माप यांनी जे नुकसान होतं, ते ९१ की ९५ च्या वादापेक्षा कितीतरी मोठं असतं.

आज घरी गेल्यावर झाकण उघडून आकडा बघा आणि मला कळवा, तुमच्या गाडीवर काय लिहिलंय. काकांना, मामांना, गाडी चालवणाऱ्या प्रत्येक मित्राला हा भाग पाठवा. लिटरमागे आठ रुपये कोणाला नकोयत?

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हेल्मेट घाला, गाडी सावकाश चालवा!