केडगाव स्टेशन

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड गेलं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. माझी गाडी थांबत नाही, तरी मी खिडकीतून बघतो.

कॉलेजात आमच्या एका सरांनी रमाबाईंना एका वाक्यात निकालात काढलं होतं. विद्वान होत्या, पण शेवटी बाटल्या! वर्गात मुसलमान मी एकटाच. तो शब्द मनात रुतून बसला.

पुढं मीरा कोसंबी वाचल्या. त्यांचं बरंचसं लेखन इंग्रजीत. म्हणजे मराठी वाचकाला आपल्या रमाबाई इंग्रजीतून परत मिळायच्या! मी डिक्शनरी घेऊन बसलो. १९३९ साली जन्मलेल्या मीराबाई दामोदर कोसंबींची मुलगी, धर्मानंदांची नात. स्टॉकहोमहून समाजशास्त्रात पीएच.डी. केलेल्या, एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राच्या संचालक. आजोबा सिलोनला जाऊन बौद्ध भिक्षू झालेले. धर्म बदलणाऱ्या माणसाचं त्या घराला वावडं नसावं.

रमाबाई कुणाला संत, कुणाला फितूर. मीराबाईंनी त्यांचंच लेखन पुढं ठेवलं. १८८९च्या मराठी अमेरिका-वर्णनाचं इंग्रजी भाषांतर केलं. शारदा सदनातल्या मुली प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये 'केसरी'नं उठवलेली झोड आपल्याला ठाऊक असते. रानडे, भांडारकरही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पण १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या बाई इंग्लंडातल्या सिस्टरांशीही तितक्याच भांडत, हे कुठं सांगितलं जातं? क्रूसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत, असा त्यांचा आग्रह होता.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून गच्चीवर गेलो. कविसंमेलनात मला हमखास विचारतात, "तुम्ही उर्दूत का लिहीत नाही?" आमच्या घरी दखनी, शेजारी कन्नड, आणि कविता सुचते ती मराठीत. त्याला मी काय करू?

मीराबाई २६ फेब्रुवारी २०१५ला गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशीही १८८७ मध्ये याच तारखेला गेल्या होत्या. आनंदीबाईंवरचं मीराबाईंचं पुस्तक त्यांच्या पश्चात निघालं.

पुढच्या महिन्यात पुण्याला जायचंय. या खेपेला दौंडला उतरून पॅसेंजर धरणार आहे. ती केडगावला थांबते.