व्यवसाय कर : रद्द नको, न्याय्य हवा

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला. व्यापारी संघटना व्यवसाय कर रद्द करण्याची मागणी करीत आल्या आहेत. छोटे दुकानदार, शिकवणीवाले, खाजगी नोकरदार यांच्यात आपलेही काम आहे. तेव्हा त्या मागणीच्या निवेदनावर आपण सही करावी काय? माझे उत्तर 'नाही' असे आहे. परंतु हा कर आज आहे तसाच राहावा, असेही माझे म्हणणे नाही.

प्रथम हे ध्यानात घ्या की, सेवेतून होणाऱ्या कमाईवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांकडे फारसा कधी नव्हताच. घटनेने वस्तूंच्या विक्रीवरील कर राज्यांना दिला; सेवांचा स्वतंत्र उल्लेख केला नाही. म्हणून १९९४ साली केंद्राने दूरध्वनी, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली या तीन सेवांवर पाच टक्के सेवाकर बसवला, तेव्हा राज्यांना पाहत बसण्यापलीकडे गत्यंतर नव्हते. पुढे सेवांची यादी लांबत गेली आणि तो पैसा केंद्राकडे जमा होत गेला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि सेवांवर कर घेण्याचा अधिकार राज्यांनाही मिळाला. परंतु दर ठरतात ते परिषदेत. तेथे केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश आणि ठरावाला तीनचतुर्थांश बहुमत हवे. म्हणजे केंद्राच्या संमतीवाचून तेथे पान हलत नाही. अशा स्थितीत राज्य विधिमंडळाने स्वतःच्या अधिकारात बसवलेला आणि स्वतः दर ठरवू शकेल असा जो थोडासा कर उरला आहे, त्यात व्यवसाय कर येतो. तो आपणच सोडून द्यावयाचा काय?

दुसरे कारण अधिक जिव्हाळ्याचे आहे. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी मुलगा होतो. खडी फोडणारी माणसे आणि सुकडीसाठी रांगेत बसलेली पोरे मी पाहिली आहेत. त्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी पैसा हवा होता. म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला, कराचे उत्पन्न योजनेच्या निधीस जोडले गेले आणि तेवढीच भर सरकारने घालावी असे ठरले. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातल्या पगारदाराने, वकिलाने, डॉक्टराने दरमहा थोडे द्यावे आणि त्यातून खेड्यातल्या भूमिहीनाला मागेल तेव्हा काम मिळावे, असा तो सामाजिक करार होता. मेळघाटातील कोरकू कुटुंबाशी अमरावतीच्या कारकुनाचे नाते जोडणारा दुसरा कर मला ठाऊक नाही.

हा करार पुढे विसरला गेला. २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, मजुरीचा मोठा भार केंद्राने उचलला, आणि पगारपत्रकावरील दोनशे रुपयांची कपात कशासाठी होती हे कापणाऱ्यालाही आठवेनासे झाले. हेतू विसरलेला कर लोकांना जुलूम वाटू लागतो.

आणि तो जुलूम वाटावा असे त्याचे स्वरूप आहेही. घटनेच्या २७६ व्या कलमाने या करास वर्षाला २५० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने ती २,५०० झाली आणि तेथेच थांबली. आज दरमहा १०,००० रुपयांहून अधिक पगार असलेल्या पुरुषाचे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. स्त्रियांना २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत सूट मिळाली, हे योग्यच झाले. पण हिशेब करून पाहा. अकोल्यात एखाद्या दुकानात ११,००० रुपयांवर राबणारा माणूस दर शंभर रुपयांमागे जवळपास एक रुपया नव्वद पैसे देतो. दोन लाख मिळवणारा अधिकारी दर शंभरामागे दहा पैसे देतो. अधिक मिळवणाऱ्याने अधिक प्रमाणात द्यावे हे करशास्त्राचे पहिले सूत्र येथे उलटे टांगलेले आहे.

आता विवरणपत्राची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी मूर्तिजापूरला संगणक शिकवण्याचा लहानसा वर्ग चालवतो. त्याच्याकडे कर लागू होईल असा एकच शिक्षक आहे. त्याच्या पगारातून तो वर्षभरात २,५०० रुपये कापतो, शासनाच्या संकेतस्थळावर भरतो आणि ३१ मार्चपर्यंत वार्षिक विवरणपत्र दाखल करतो. हे काम त्याला एकट्याला जमत नाही, म्हणून सल्लागाराला दीड हजार देतो. एके वर्षी भरणा वेळेवर झाला, पण विवरणपत्र राहून गेले. त्याचे एक हजार विलंब शुल्क पडले. सरकारला मिळालेला कर अडीच हजारांचा, आणि तो पोहोचवण्याचा खर्चही अडीच हजारांचा! मोठा शल्यविशारद मात्र स्वतःपुरते वर्षातून एकदा अडीच हजार भरून मोकळा होतो. त्याला त्यासाठी विवरणपत्रही लागत नाही.

ऑनलाइन पद्धत वाईट आहे असे मी म्हणत नाही. कचेरीचे हेलपाटे वाचले, खिडकीवरच्या माणसाची मर्जी सांभाळणे संपले, भरल्याची पावती हातात आली. हे लाभ खरे आहेत. पण यंत्राने सरकारचे काम कमी केले आणि ते लहान माणसाच्या माथी मारले, तर त्याला सुधारणा कसे म्हणावे?

म्हणून आपण निवेदन द्यावे, पण ते आपले असावे. पहिली मागणी, २७६ व्या कलमातील मर्यादा वाढवावी आणि त्याबरोबरच पायऱ्यापायऱ्यांचा दर आणावा. पंधराव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १८,००० रुपये करण्याची शिफारस केलेली आहे. घटनादुरुस्ती दिल्लीत व्हावयाची असली, तरी खालच्या पायरीवरचा कर माफ करणे मुंबईच्या हाती आहे. पंचवीस हजारांपर्यंतची सूट पुरुष नोकरदारांनाही द्यावी. दुसरी मागणी, पाच माणसांपर्यंतच्या मालकाचे विवरणपत्र तालुक्याच्या सेवा केंद्रात मराठीतून विनामूल्य भरून मिळावे, आणि कर वेळेवर भरला असेल तर विलंब शुल्क घेऊ नये. तिसरी आणि माझ्या मते मुख्य मागणी, व्यवसाय कराचे किती रुपये जमले आणि रोजगारावर किती खर्च झाले, याचा जिल्हावार हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा.

कोणी म्हणेल, मर्यादा वाढवा म्हटले तर मध्यमवर्ग आपल्यापासून दूर जाईल. जाईल कदाचित. पण कर रद्द करा म्हणणारे पक्ष पुष्कळ आहेत. त्यांच्या रांगेत आपण शेवटचे उभे राहून काय साधणार? ज्याला दोन लाख मिळतात त्याच्याकडे जाऊन, तुझ्याकडून अधिक हवे आहे आणि ते धारणीच्या मजुरासाठी हवे आहे, हे सांगण्याचे धैर्य आपल्यात नसेल, तर समाजवाद हा शब्द आपल्या पत्रकावरून काढून टाकलेला बरा.

येत्या आठवड्यात आपण प्रत्येकाने आपल्या वस्तीतील दहा पगारपत्रके पाहावीत, कोणाचे किती कापले जाते ते टिपून आणावे. निवेदन त्या आकड्यांवरून लिहू.