कुडाची भिंत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्हांला जे येतं त्यावर बोला." मी मात्र जे मला आले नाही त्यावर बोलणार आहे.

माझे माहेर वज्रेश्वरीच्या पलीकडे, एका खेड्यात. घर कुडाचे. लग्न होऊन भिवंडीस आले, तो सभोवती विटांची घरे आणि यंत्रमागांचा खडखडाट. कुणी माहेरचे घर विचारले की मी "कौलारू आहे" एवढेच सांगे. कुडाचे नाव घ्यायची लाज वाटे.

गेल्या वर्षी पावसात पडवीचा कूड पडला. आई सत्तरीची, बोटे सांधेदुखीने वाकलेली. दिवाळीपूर्वी मी गेले नि म्हटले, "आई, तू बस, मी लिंपते." माती कालवली, शेण घातले, थापले. तिसऱ्या दिवशी बोटबोट भेगा, आणि पोपडे खाली! आई हसली. म्हणाली, "अगं बाय, तूस कुठं घातलास? नि माती मुरली कधी?"

मग तिने बसल्या जागी सांगितले आणि मी केले. मेढी रोवायच्या, त्यांना आडव्या बांबूच्या कांबी बांधायच्या, त्यांवर कारवीच्या काठ्या उभ्या, दाट. कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरले की वाळते. मातीत भाताचा तूस व पेंढ्याचे तुकडे घालून पायांनी तुडवायचे, काही दिवस ओली ठेवून मुरू द्यायची. तूस माती धरून ठेवतो, म्हणून भेगा पडत नाहीत. मग आतून-बाहेरून लिंपण, आणि ते सुकल्यावर शेणाचे सारवण.

माझ्या मुलीने जपानच्या खेड्यांची माहिती वाचून दाखविली. तिकडेही बांबूच्या जाळीवर माती लिंपतात, तीही भाताचा पेंढा घालून मुरविलेली! शिराकावा नावाच्या गावी गवती छपरे सारा गाव मिळून शाकारतो. त्या रीतीला ते 'युई' म्हणतात. आपल्याकडे तीच सावड. त्या गावाला १९९५ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. आणि मी माझ्या माहेराला लाजत होते!

आपल्या ठाणे-पालघरकडे लग्नात सवाशिणी कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ती वारली चित्रे पुढे जगभर गेली. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आनंद आहे. पण ज्या बाईने ती भिंत लिंपली तिचे काम कुणी काम म्हणून मोजले नाही. आपणही नाही.

पक्के घर नको, असे मी म्हणत नाही. वाळवी, उंदीर, दरसालचे लिंपण, हे कष्ट बाईच्याच वाट्याला येतात. शिवाय मातीचे सारेच चांगले असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती नि धाब्याची जड छपरे कोसळून हजारो माणसे गेली. कुडाची गोष्ट निराळी. छपराचा भार मेढींवर, भिंत हलकी.

माझ्या भावाला घरकुल मंजूर झाले आहे. तो स्लॅब घालील आणि घालावाच. पण आईने एकच मागितले, "पडवीचा तेवढा कूड राहू द्या." उन्हाळ्यात ती तिथेच निजते, कारण तिथे गारवा असतो. तो कूड आता दरसाल मी लिंपणार आहे.

भगिनींनो, आपल्या आया-सासवांच्या हातांत जे आहे ते कुठल्याही पुस्तकात पुरते उतरणार नाही. म्हणून विनंती करते की येत्या दिवाळीआधी मंडळाने एक दिवस त्यांना पाटावर बसवावे आणि आपण त्यांच्यासमोर माती तुडवावी. पहिल्यांदा भेगा पडतील. पडू द्या, त्या हसतील आणि चूक सांगतील. सांगणारी आहे तोवर शिकून घेऊ.