पट्टीला वजन हवं

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी ब्रह्मपुरीत बरीच वर्षं पेटी शिकवतो. वैनगंगेच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे वडसा. दिवाळी झाली, गावोगावी मंडई भरू लागली की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक कंपन्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत रात्र रात्र खेळ करत हिंडतात. २०२३ साली या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांनाही झाडीपट्टीचं नाव कळलं. आमच्याकडे नाटक म्हणजे गाणं, आणि गाणं म्हटलं की पेटी आलीच.

अशाच नाटकांत साथ करणाऱ्या एका पेटीवाल्याची मुलगी माझ्याकडे शिकायला येई. हात चांगला होता. तिने मोबाइलवर पियानो ऐकला आणि हेच शिकायचं असं मनात घेतलं. धान विकल्यावर वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही सांगाल तो घेऊ."

मी सांगितलं, कॉम्प्युटरला जोडायचा मिडी कीबोर्ड घ्या, पूर्ण ८८ पट्ट्यांचा. त्यांच्याबरोबर दुकानातही गेलो. खोक्यावर ‘वेटेड’ असा शब्द दिसला आणि मी मान डोलावली. त्या शब्दाच्या आधी ‘सेमी’ असा आणखी एक शब्द होता, तो मी वाचलाच नाही.

दोन वर्षं पोरीने मन लावून सराव केला. मग नागपूरला एका जाणकार बाईंसमोर तिला खऱ्या पियानोवर बसवलं. हळू वाजवायच्या जागी निम्मे सूर उमटलेच नाहीत. जोराच्या जागी बोटं दमली. बाई प्रेमळ होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "हिला सूर सगळे ठाऊक आहेत, पण हात पियानोचा नाही." परतीच्या एसटीत पोर खिडकीबाहेर बघत बसली होती. चूक तिची नव्हती, माझी होती. ती तुमच्या घरात होऊ नये म्हणून आज बोलतो आहे.

आधी आपली पेटी बघू. पेटीची पट्टी म्हणजे एक झाकण आहे. दाबलं की उघडतं, हवा जाते, पत्ती कंप पावते, सूर येतो. पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच. लहानमोठा करायचा तर भाता आहे. म्हणजे पेटीवाल्याची सगळी नजाकत डाव्या हाताच्या भात्यात असते आणि उजव्या हाताची बोटं फक्त जागा दाखवतात. याच पेटीला आकाशवाणीने १९४० साली दार बंद केलं होतं. तिच्यातून मींड निघत नाही, ही मोठी तक्रार होती. १९७१ नंतर ते दार किलकिलं झालं. वाद्याची घडण काय देते आणि काय देत नाही, यावर एवढं मोठं भांडण होऊ शकतं, हे ध्यानात ठेवा.

पियानोची घडण अगदी वेगळी. इटलीत फ्लोरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने १७०० च्या सुमारास तो घडवला. पट्टी दाबली की आत लोकर लावलेली हातोडी उडते, तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. पट्टी जितक्या वेगाने खाली जाईल तितकी हातोडी जोरात आपटते. हळू आणि मोठा, दोन्ही सूर बोटातून निघतात, म्हणून तर त्याचं नाव ‘पियानोफोर्ते’ पडलं. भाता नाही, म्हणून डावा हातही मोकळा. आणि इथेच पेटीवाल्याची पंचाईत होते. जन्मभर भाता मारणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांना काही येत नसतं, आणि उजव्या हाताच्या बोटांना जोर कसा मोजायचा ते माहीत नसतं.

आता मिडी कीबोर्डाकडे येऊ. मिडी ही १९८३ साली बाजारात आलेली, वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा. या कीबोर्डाला स्वतःचा आवाज नसतो. तो पोस्टमनसारखा फक्त निरोप पोचवतो. कोणती पट्टी दाबली, किती वेगाने दाबली, कधी सोडली, एवढंच तो कॉम्प्युटरला सांगतो. वेग मोजायला प्रत्येक पट्टीखाली निदान दोन खटके असतात. पहिला आणि दुसरा खटका यांमध्ये किती वेळ गेला, यावरून १ ते १२७ यांपैकी एक आकडा ठरतो. पियानोचा आवाज काढायचं काम कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम करतो. म्हणून असा कीबोर्ड घेताना आवाजाचं कौतुक नको. आवाज पुढे बदलता येतो, पट्टी बदलता येत नाही.

पट्ट्या साधारण तीन जातीच्या असतात. पहिली स्प्रिंगची. हलकी आणि चपळ. दुसरी सेमी-वेटेड, म्हणजे स्प्रिंगच, पण पट्टीत थोडं वजन घातलेलं. तिसरी हॅमर ॲक्शन. तिच्यात प्रत्येक पट्टीमागे एक छोटी हातोडी खरोखर हलते. तार नसते, पण बोटाला वजन उचलावं लागतं. खऱ्या पियानोत खर्जाच्या हातोड्या मोठ्या आणि तार सप्तकाच्या लहान असतात. त्याप्रमाणे डावीकडे जड आणि उजवीकडे हलकी होत जाणारी पट्टी असेल, तर तिला ‘ग्रेडेड’ म्हणतात. पियानो शिकायचा असेल तर ही तिसरी जात घ्या. खोक्यावर नुसतं ‘वेटेड’ लिहिलेलं पुरेसं नाही, ‘हॅमर’ हा शब्द शोधा.

शब्दावरही विसंबू नका, बोट लावून बघा. पट्टी सावकाश दाबा. स्प्रिंग सुरुवातीला सोपी जाते आणि खाली जाता जाता जास्त विरोध करते. हातोडीचं उलटं. सुरुवातीला जड लागते, मग आपल्याच वजनाने पुढे सरकते. आपण झोका ढकलतो ना, तसं. एक नाण्यांची गंमतही सांगतो. खऱ्या पियानोची मधली पट्टी साधारण ५० ग्रॅम वजनाने खाली बसते. दहा रुपयांचं एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. सहा-सात नाणी एकावर एक रचून पट्टीच्या पुढच्या कडेवर ठेवा. पट्टी अलगद खाली जाऊ लागली तर वजन जवळपास बरोबर आहे. पण स्प्रिंगची पट्टीही या परीक्षेत कधी पास होते, म्हणून नाण्यांचा निकाल एकटा धरू नका. शेवटी एकच सूर दहा वेळा वाजवा, अगदी हळूपासून मोठ्यापर्यंत. दहा वेगळे आवाज निघाले पाहिजेत. दोन-तीनच निघाले तर तो कीबोर्ड खाली ठेवा.

आणखी तीन गोष्टी विचारा. पेडल जोडायची सोय आहे का? पियानोत पायाचं काम मोठं असतं. एकच सूर भराभर वाजवताना पट्टी पूर्ण वर न येताही वाजते का? तीन खटक्यांची रचना असेल तर वाजते. आणि वजन किती? हॅमरचा कीबोर्ड दहा किलोंच्या पुढे जातो, काही तर पंधराच्याही पुढे, त्यामुळे पक्कं स्टँड हवं. गोल फिरवायची बटणं, रंगीत दिवे, चौकोनी पॅड यांचा पियानो शिकण्याशी संबंध नाही. पट्टी दाबून धरल्यावर आणखी जोर लावण्याची ‘आफ्टरटच’ नावाची सोय असते, तीही खऱ्या पियानोत नसते. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

आता आपल्या मुलखाचा प्रश्न. खरा पियानो का घेऊ नये? ब्रह्मपुरीचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ च्या वर जातो आणि मग चार महिने ओल. लाकूड आणि तारा या दोन्हींना ते सोसत नाही, आणि दर वेळी सूर लावायला माणूस लांबून आणावा लागतो. म्हणून विजेवर चालणारं वाद्य आपल्याला सोयीचं. पण नुसता मिडी कीबोर्ड घ्याल तर बरोबर चांगला कॉम्प्युटर लागतो. तो संथ असेल तर पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो. सेकंदाचा शंभरावा भाग एवढा उशीरही सरावलेल्या हाताला बोचू लागतो, आणि त्याहून जास्त झाला की ताल सुटतो.

म्हणून ज्यांच्या घरी आधीपासून चांगला लॅपटॉप नाही, त्यांना मी आता दुसरी वाट सांगतो. हॅमर पट्ट्यांचा साधा डिजिटल पियानो घ्या. यामाहा, रोलंड, कॅसिओ या तिन्ही कंपन्या सुरुवातीच्या श्रेणीत असे पियानो काढतात. त्यांना स्वतःचा आवाज असतो, स्पीकर असतो आणि मागे यूएसबीची जागाही असते. लॅपटॉप आला की तार जोडा, तोच तुमचा मिडी कीबोर्ड. लॅपटॉप बिघडला तरी रियाज बुडत नाही. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे, ध्वनिमुद्रण करायचं आहे, त्यांनी बिनआवाजाचा हॅमर कीबोर्ड जरूर घ्यावा. सगळा पैसा पट्टीवर खर्च होतो, हा त्याचा फायदा.

माझे नाटकातले वादक मित्र इथे मला थांबवतील. म्हणतील, मास्तर, आम्ही एका रात्रीत एका गावाहून दुसऱ्या गावी जातो, पंधरा किलोंचं धूड कुठे नेऊ? त्यांचं खरं आहे. त्यांना बासरी, सनई, सतार असे आवाज एका बटणावर हवे असतात, आणि भराभर तानेसाठी हलकी पट्टीच बरी. त्यांनी स्प्रिंगचाच कीबोर्ड घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांतही पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत. दोन्ही चांगले, पण एकाची तयारी दुसऱ्यावर होत नाही. दुकानात जाण्याआधी घरी एवढंच ठरवा, पोराला यातलं काय शिकायचं आहे?

त्या मुलीचं सांगतो आणि थांबतो. जुना कीबोर्ड तिच्या वडिलांनी विकला नाही, नाटकाला न्यायला ठेवला. पुढच्या हंगामानंतर त्यांनी एक वापरलेला डिजिटल पियानो आणला, हॅमर पट्ट्यांचा. या वेळी मी दुकानात आधी तिला बसवलं आणि स्वतः गप्प राहिलो. पहिले दोन महिने तिची करंगळी दुखायची. रोज वीस मिनिटांहून जास्त वाजवू नको, असं मी बजावलं होतं. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी तिने डाव्या हाताने खर्ज हळू धरला आणि उजव्या हाताने वर मोठा सूर लावला. दोन हात, दोन वेगळे जोर. वडील दारात उभे होते. त्यांचा स्वतःचा डावा हात पन्नाशीपर्यंत भात्यावरच राहिलेला. ते म्हणाले, "मास्तर, हा हात आमच्या घरात पहिल्यांदा वाजला."

नागपूरच्या बाईंकडे ती पुन्हा जाणार आहे. या खेपेला काय होईल ते मला ठाऊक नाही, पण अडलंच तर वाद्यामुळे अडणार नाही.