कर्कश आवाज आणि मेंदू

खडू फळ्यावर तिरका ओढला की जो चिरका आवाज निघतो, त्याने कोणाच्या अंगावर काटा येतो, कोणाचे दात शिवशिवतात. वास्तविक हा आवाज फार मोठा नसतो आणि त्यापासून इजा तर मुळीच नसते. मग देह एवढा शहारतो कशाने?

१९८६ साली तिघा अमेरिकन संशोधकांनी बागकामाचे तीन दात्यांचे हत्यार पाटीवर घासून तो आवाज मुद्रित केला व लोकांना ऐकविला. त्यातील अतितार कंपनेच बोचत असावीत, असे कोणासही वाटेल. ती गाळली, तरी आवाज तितकाच असह्य राहिला! माकडांच्या धोक्याच्या हाकांशी त्याचे साम्य दिसल्यावरून, हा तिटकारा पूर्वजांकडून आला असावा, असा तर्क त्यांनी केला. तर्क मोहक खरा. पण २००४ साली टॅमरिन जातीच्या माकडांना असाच आवाज ऐकविला, तेव्हा तितक्याच मोठ्या साध्या खरखरीपेक्षा तो त्यांना अधिक नकोसा वाटल्याचे दिसले नाही.

पुढे २०१२ साली इंग्लंडातील न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मेंदूतच डोकावून पाहिले. १३ जणांना ७४ आवाज ऐकविले. बाटलीवर सुरी घासण्याचा आवाज सर्वांत अप्रिय ठरला. वाहते पाणी व तान्ह्या मुलाचे हसू दुसऱ्या टोकाला राहिले. सेकंदास सुमारे २००० ते ५००० कंपनांच्या टापूतील आवाज विशेष झोंबत होते. माणसाचा कान याच टापूत अत्यंत तीक्ष्ण असतो, आणि किंकाळीचा जोरही बराचसा तेथेच असतो.

मेंदूच्या आत, कानशिलाच्या बाजूस, बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. त्यास अमिग्डाला म्हणतात. भय आणि धोका यांचा तो जणू पहारेकरीच. आवाज अप्रिय असला की हा पहारेकरी नुसता जागा होत नाही. ध्वनी ऐकणाऱ्या भागाच्या कार्यावरही तो आपला अंमल बसवितो, असे या प्रयोगात आढळले. म्हणजे त्रासदायक आवाज आपण अलिप्तपणे ऐकूच शकत नाही. 'लक्ष देऊ नका' हा उपदेश म्हणूनच फारसा कामी येत नाही.

आपल्याकडे २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली. रुग्णालयाभोवती किमान १०० मीटर शांतता-क्षेत्र ठरविले. हे इष्टच झाले. परंतु डेसिबेलने मुख्यत्वे आवाजाची तीव्रता मोजली जाते, त्याचा बोचरेपणा नव्हे. शिवाय ते क्षेत्र बाहेरचे. आत, अतिदक्षता विभागात, खाटेशेजारची यंत्रे दिवसरात्र इशारे देत असतात, आणि त्यांतील पुष्कळसे निष्कारण असतात. परिचारिकांचे कान हळूहळू त्यांस सरावतात, कधी खऱ्या इशाऱ्यालाही. नव्याने दाखल झालेल्या रोग्यास मात्र त्यांतला खरा कोणता नि खोटा कोणता, हे कळण्यास काहीच मार्ग नसतो.